ठंडे केलेले कागद

मिरज,
१२ जून २०२५

सिराजला जिनतची दुआ.

पाकीट बघून हसशील. आपा अजून पोस्टाच्या जमान्यात आहे म्हणून फैझललाही दाखवशील. खुशाल दाखव. फोनवर मला आता निम्मं ऐकू येत नाही, कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, आणि व्हॉट्सॲपवर तुला चार ओळी लिहिल्या की तू एक अंगठा पाठवतोस. अंगठ्याशी माणसानं काय बोलायचं?

मातीच्या दिवशी मी आले आणि लगेच निघाले, ते नजमाला आवडलेलं नाही. तिनं डबा बांधून दिला पण हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. तुझ्या दुल्हाभाईंचं दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं, नाहीतर मी कशाला निघाले असते? अब्बांचं तोंडही नीट पाहिलं नाही मी. बायकांच्या गर्दीत मागे राहिले, पुढे सरकेपर्यंत जनाजा उचलला. इथे आल्यापासून तेच मनात येतं आणि रडायला येतं. दुल्हाभाई विचारतात काय झालं, मी सांगते कानातलं यंत्र टोचतंय.

एक मागायचं आहे. अब्बांच्या घड्याळातलं, भांड्याकुंड्यातलं मला काही नको. अम्मीची पत्रं तेवढी माझ्यासाठी बाजूला ठेव.

तू तेव्हा अंगावर पिणारा होतास, तुला काही माहीत नाही. अम्मीला टीबी झाला म्हणून तिला नगरला माहेरी नेऊन ठेवलं आणि आपल्याला पुण्यात. पोरांना लागेल म्हणून भेटायलाही नेत नसत. ती तिथून अब्बांना लिहायची, जाईपर्यंत लिहीत होती. नंतर दर वर्षी तिच्या बरसीला, तू झोपलास की, अब्बा ती पत्रं काढायचे आणि ओठ हलवत मनातल्या मनात वाचायचे. मी म्हणायची, मोठ्यानं वाचा ना. ते म्हणायचे, "बडी हो जा, फिर सुनाता." मी मोठी झाले, लग्न झालं, शाळेतून रिटायर झाले. त्यांनी ऐकवलं नाही. पुढे पुढे मी विचारायचंही सोडलं.

आपल्याला वाचता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण अब्बांनी ठरवलं होतं, "मैं उर्दू पढा, जिल्दां बांधता बैठा. तुम मराठी पढो." आपण मराठी शाळेत गेलो, दोघांना नोकऱ्या लागल्या. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण सख्ख्या आईचं अक्षर आपल्याला लागत नाही, ही काय साधी गोष्ट आहे?

तिचा चेहरा फोटोत आहे. बाकी मला फक्त खोकला आठवतो. ती कशी बोलायची, मला काय म्हणून हाक मारायची, काही म्हणजे काही आठवत नाही. चाळिसाव्याला येईन तेव्हा पत्रं घेऊन जाईन. वाचता येत नाही तर करणार काय, असं विचारू नकोस. माझं मी बघीन.

तुझी आपा


कोंढवा, पुणे
१९ जून २०२५

आपा, सलाम.

पत्र फैझलला दाखवलं. त्याला अक्षर आवडलं. मग विचारलं, "फुफीनं हे टाईप का नाही केलं?"

नजमाचं मनावर घेऊ नकोस. ती माझ्याही हातात डबा देत नाही.

अब्बांची खोली आवरली. माणूस जाऊन महिना झाला नाही आणि यांना घाई, असं तू म्हणणार. म्हण. फैझलची खराडीची कंपनी त्याला निम्मा आठवडा घरी बसवते आणि घरी बसायला त्याला दार लागणारी खोली हवी असते. मी म्हटलं होतं चाळिसावा होऊ द्या. आमच्या घरात माझं मत विचारतात, घेत नाहीत.

आयुष्यभर लोकांच्या सुट्या पानांची जिल्द बांधली, पण स्वतःचा एक कागद अब्बांनी धड ठेवला नव्हता. रविवार पेठेतल्या दुकानाची लाइट बिलं, दुकान बंद होऊन किती वर्षं झाली तरी जपलेली. मेलेल्या मिक्सरचं गॅरंटी कार्ड. डॉक्टरच्या चिठ्ठ्या. माझी पाचवीची प्रगतिपत्रकं सुद्धा सापडली, ती मी फैझलच्या आधी फाडली.

मराठी-इंग्रजी कागद मला कळले. उर्दूचं काय करायचं? फाडून रद्दीत टाकायला हात धजेना, न जाणो त्यावर कुठे अल्लाचं नाव असायचं. ती पत्र्याची ट्रंक तुला आठवत असेल. लोक जुने कुराण बांधायला आणायचे, त्यांची गळलेली पानं अब्बा तिच्यात जमवायचे आणि वर्षातून एकदा नेऊन नदीत ठंडी करायचे. गुडघे गेल्यापासून त्यांना ते जमत नव्हतं, मला सांगायचे आणि मी पुढच्या जुम्याला म्हणायचो. ट्रंक तशीच भरत राहिली. म्हटलं, आता तरी करावं. कुराणाची पानं तर ओळखू येतातच. हातानं लिहिलेली जी होती त्यांच्यासाठी मी सोपी युक्ती काढली. मला उर्दूतलं ७८६ तेवढं ओळखता येतं, आपल्या दुकानाच्या पाटीवर होतं ना. ज्याच्यावर ७८६ असेल ती दुआ नाहीतर तावीज असणार, ते ठंडं करायचं. नसेल ते रद्दीत. ट्रंकेतलं जवळजवळ सगळं ७८६ निघालं. तळाशी हिरव्या कापडात बांधलेलं एक गाठोडं होतं. वरच्या कागदावर ७८६ दिसलं, मग मी ते सोडलंसुद्धा नाही, तसंच अदबीनं पिशवीत ठेवलं.

नदीत सोडत नाहीत आता. मुठेच्या पाण्याला पाक म्हणायची कब्रस्तानाच्या सदरसाहेबांची तयारी नाही. कब्रस्तानाच्या कोपऱ्यात खड्डा केला आहे, तिथे ठेवतात. तुझं पत्र यायच्या आधीच्या जुम्याला मी वजू करून पिशव्या खांद्यावरून नेल्या. रिक्षात पायाशी ठेवायला नको म्हणून मांडीवर घेऊन बसलो. खरं सांगू, अब्बांचं एक तरी काम मनापासून केलं असं वाटलं आणि त्या रात्री मला झोप लागली.

अम्मीची पत्रं मात्र दिसली नाहीत. नजमाच्या कपाटात वर काही डबे आहेत, त्यात बघतो. तू ये, मिळतील.

सिराज


मिरज,
२४ जून २०२५

सिराज,

तुझं पत्र काल आलं. लगेच व्हॉट्सॲप केलं, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. घरी फोन केला, नजमानं उचलला. "बाहेर गेलेत" एवढं ऐकू आलं. कुठे गेलास?

ते हिरवं कापड अम्मीची ओढणी आहे. तिच्यातच पत्रं होती.

अरे, उर्दूत पत्र लिहिणारं आपलं कुठलंही माणूस आधी वर बिस्मिल्लाचं ७८६ घालतं, मग खाली लिहितं. खुशाली असो, भांडण असो, पीठ संपलं म्हणून लिहिलेली चिठ्ठी असो. तू आणि मी मराठीत लिहितो, वर काहीच घालत नाही, म्हणून तुझ्या लक्षात आलं नाही. नानी पोस्टकार्डावर घालायची ते मला आठवतं. तुला सांगायला हवं होतं. मातीच्या दिवशीच सांगणार होते, पण तेव्हा कागदपत्रांचं काढलं असतं तर लोक म्हणाले असते, लेक वाटणीला आली.

खड्ड्यात मातीच टाकली असेल ना वर? मग निघेल. सदरसाहेबांना सांग, माझं नाव सांग. पावसाच्या आधी जा. इथे तर पाऊस थांबतच नाही, तुमच्याकडे कमी असेल.

एका ओळीचं तरी उत्तर दे.

जिनत


कोंढवा, पुणे
१ जुलै २०२५

आपा, सलाम.

घाबरू नकोस. उशीर झाला, माफ कर, ऑफिसात ऑडिट चालू आहे.

गाठोडं मिळालं. पिशव्या भरताना नजमानं ते बाजूला काढून ठेवलं होतं आणि मला सांगायला विसरली. मी तुला ते गेलं असं कळवून बसलो. पण वाईट बातमी अशी की आत वाळवी लागली होती. अब्बांनी बऱ्याच वर्षांत उघडलं नसावं. बहुतेक पत्रांचा भुगा झाला आहे, हात लावला की गळतो. एकच कागद धड निघाला. तो या पाकिटात घातला आहे, जपून उघड, घडीवर फाटायला आला आहे.

यात काय आहे ते मला माहीत आहे. दुकान बंद केलं त्या वर्षी अब्बांनी एकदा मला हे वाचून दाखवलं होतं. तुला सांगायचं राहून गेलं. सगळं आठवत नाही. पण अम्मीनं लिहिलं आहे, "जिनतचे केस कापू नका. उवा झाल्या तरी कापू नका. मी आले की मांडीवर घेऊन एकेक काढीन." माझं नाव यात नाही. मी लहान होतो, माझे केस तरी कुठे होते.

चाळिसाव्याला नक्की ये. दुल्हाभाईंसाठी माणूस बघू, पैसे मी देतो. नजमा तुझ्यासाठी खाली गादी घालणार आहे, पाठीला बरी म्हणून.

तुझा सिराज


मिरज,
५ जुलै २०२५

सिराज,

पाकीट आलं तेव्हा मी त्यातला कागद लगेच उघडला नाही. आधी तुझं मराठी पत्र वाचलं. आतली घडी तशीच ठेवून आंघोळ केली, धुतलेली साडी नेसले, दुल्हाभाईंना चहा दिला आणि दार लोटून बसले. जिनतचे केस कापू नका. हे मी इतक्यांदा म्हटलं की दुल्हाभाईंनी बाहेरून विचारलं, कुणाशी बोलतेस? तुझा हेवाही वाटला. अब्बांनी तुला ऐकवलं आणि मला नाही.

मग घडी उघडली.

मला उर्दू वाचता येतं, सिराज. रिटायर झाल्यावर शिकले. आमच्या मागच्या गल्लीत एक बाई लहान मुलांना शिकवतात, त्यांच्याकडे जाते. मुलं मला दादी म्हणतात आणि माझ्या चुका मोजतात. माझ्या शेजारी बसते ती पोर पहिलीत आहे, मी अडले की माझ्या पाटीवर बोट ठेवून दाखवते. तुम्हाला कुणाला सांगितलं नाही, कारण तू हसला असतास, आणि मला अब्बांना चकित करायचं होतं. या वर्षीच्या बरसीला पुण्याला येऊन त्यांच्या हातातून पत्रं घ्यायची आणि म्हणायचं, अब आप सुनो. बरसी ऑगस्टात आहे. अब्बा मे महिन्यात गेले.

तू पाठवलेल्या कागदावर लिहिलं आहे: मैदा एक शेर, मोरचूद चिमटीभर, तुरटी, पाणी उकळल्यावर मैदा सोडणे, गुठळी होऊ न देणे. ही जिल्दीची खळ शिजवायची कृती आहे. मोरचूद किडीसाठी. अक्षर अब्बांचं आहे. वर ७८६ नाही, म्हणून तुझ्या हातून सुटला असणार. माझे केस त्यात नाहीत.

खरं काय झालं ते लिही. हे पत्र पोचेल तोवर चाळिसावा होऊन गेलेला असेल. मी येत नाही. गादी घालू नका.

जिनत


कोंढवा, पुणे
१४ जुलै २०२५

आपा,

लिहितो. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

तुझं व्हॉट्सॲप ऑफिसात वाचलं आणि तसाच उठलो. नजमानं बाहेर गेलेत सांगितलं ते खरं होतं, मी कब्रस्तानात होतो. सदरसाहेब म्हणाले, "सिराजभाई, जे ठंडं केलं ते उकरत नाहीत. उद्या कुणी म्हणेल मय्यत काढा." मी सांगितलं, आईची पत्रं आहेत. तेव्हा ते म्हणाले, मी बघत नाही, तुमचं तुम्ही बघा, आणि नमाजला निघून गेले.

वर माती नव्हती, आपा. खड्डा भरेपर्यंत उघडाच ठेवतात, वरून पत्रा टाकतात. आठवडाभर पाऊस होता. पत्र्याच्या एका बाजूनं पाणी आत गेलं होतं आणि पिशव्या त्यात तरंगत होत्या. मी चपला काढून उतरलो. कमरेपर्यंत पाणी होतं. आमच्या तीन पिशव्यांच्या वर आणि कुणाकुणाच्या पडल्या होत्या. ओढणी सापडली. रंग उतरून फिकी झाली होती, पण गाठ तशीच होती. अब्बांची गाठ, दाभणानं सोडवावी लागते ती.

ती पिशवी ओढणीसकट घरी आणली. ओल्या पानांचं काय करायचं ते मला येतं, जिल्दवाल्याचा मुलगा आहे. ओढायचं नाही, उलटायचं नाही. टीपकागद घालून, हलकं वजन ठेवून, पंख्याखाली सुकू द्यायचं. फैझलनं स्वतःहून खोली दिली. तो दोन दिवस माझ्याबरोबर जमिनीवर बसला. एकेक करून सगळी सुटली. एकही फाटलं नाही.

त्याच ट्रंकेतली छापील पानं सुकल्यावर वाचता येतील अशी निघाली. छापखान्याची शाई तेलाची, ती पाण्याला हलत नाही. अम्मी दौतीच्या निळ्या शाईनं लिहायची. ओढणीच्या आतल्या बाजूला निळे डाग आहेत, आणि कागद कोरे आहेत. घड्या तशाच आहेत, कडा तशाच आहेत, एका कागदावर वाटीचा गोल डाग आहे. अक्षर नाही. फैझलनं मोबाईलनं फोटो काढून उजेड कमी-जास्त करून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं, मागून बॅटरी लावून पाहिलं. तो शेवटी म्हणाला, "पप्पा, कुछ है ही नहीं."

तेव्हा तुला काय लिहू? तू रोज विचारत होतीस. मला वाटलं आपाला वाचता येत नाही, कुठलाही उर्दू कागद चालेल. खळीची चिठ्ठी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटली होती. ती काढली आणि ते वाक्य रचलं. अब्बांनी मला कधीच काही वाचून दाखवलं नाही. तुला खोकला तरी आठवतो, मला तोही आठवत नाही. वाक्य लिहिताना मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. मी ते दोनदा खोडून नीट केलं.

पिशव्या मांडीवर घेऊन रिक्षात बसलो होतो मी. रस्त्यात खड्डा आला की हातानं सावरत होतो. आता ते आठवलं की गाडी चालवता येत नाही, नजमा ऑफिसला सोडते.

कागद माझ्याकडे आहेत, ओढणीही आहे. पाठवू का? की तू येतेस?

सिराज


मिरज,
२१ जुलै २०२५

सिराज,

तुझ्यावर रागवावं म्हणून मी चार दिवस वाट पाहिली. येत नाही राग. तू मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं, निदान मला कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या. रद्दीवाल्याला दिली असतीस तरी एखादं वाचलं असतं. तू अदब केलीस आणि त्यात एकही उरलं नाही. कुणाला जाऊन सांगू हे?

कागद पाठवू नकोस. कोरे कागद मिरजेत मिळतात. हे रागानं लिहिलं आहे, पण खोडत नाही. ओढणी नजमाला दे, तिला सांग धुऊ नकोस.

उर्दूच्या वर्गाला जायचं मी बंद केलं. बाई निरोप पाठवतात, ती पहिलीतली पोर दारात येऊन डोकावते. मी आत असते आणि नाही म्हणून सांगायला लावते. आता मला सगळं येतं रे. दर्ग्याची पाटी येते, कॅलेंडर येतं, मटणाच्या दुकानावरचं येतं. रस्त्यानं चालताना नको असलं तरी वाचलं जातं. इतक्या म्हातारपणी कशाला शिकले? दुल्हाभाई म्हणतात, पुन्हा जा, मन रमेल. त्यांना काय सांगू, मी मन रमवायला गेले नव्हते.

पण तुला लिहायचं होतं ते वेगळंच आहे. ते दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही, तुलाच सांगता येईल.

तुझं ते वाक्य जात नाही. मला माहीत आहे ते तू ऑफिसातून येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलंस, दोनदा खोडलंस, हेसुद्धा माहीत आहे. तरी केसांत फणी घातली की ऐकू येतं. यंत्र काढून ठेवलं तरी येतं. बाईचा आवाज आहे, जरा घोगरा. कुणाचा आहे मला ठाऊक नाही, नजमाचा नाही. परवा मी तासभर नुसती आरशासमोर बसून राहिले. जन्मात पहिल्यांदा अम्मी माझ्याशी बोलते आहे आणि बोलते आहे ते खोटं. खरं आता कधीच मिळणार नाही. आपण दोघं गेलो की हे खोटं आहे हे सांगायलाही कुणी उरणार नाही.

तुला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाही. वाटतंयच, मला कळतं. रोज तेच तेच ऐकून ते झिजत चाललं आहे. काल अर्ध्यावरच थांबलं आणि मला भीती वाटली.

सिराज, तिचं आणखी एक वाक्य लिहून पाठव. मराठीतच लिही.

तुझी आपा